भुऱ्याचं पोट

"बाळाला खरूज लागेल," सासूबाई म्हणाल्या आणि मीही मान डोलावली. फरशीवर पोट टेकून झोपणाऱ्या आमच्या कुत्र्याचे, भुऱ्याचे, पोटावरचे केस पार गेले होते, कातडी लालभडक झाली होती. दीर त्याला शेतावर घेऊन गेले.

बाळ रांगू लागलं आणि त्याचंही पोट तसंच लाल झालं. डॉक्टरांनी विचारलं, "फरशी कशानं पुसता?"

"फिनेलनं. बाळ झाल्यापासून दुप्पटच टाकते."

"त्यानंच कातडी भाजतेय."

दवाखान्याच्या पायरीवरूनच दिरांना फोन लावला. "भुऱ्याला खरूज नव्हतीच हो. मी न्यायला येतेय."

ते म्हणाले, "केस छान आले होते वहिनी त्याला. पण रोज रस्त्यावर जाऊन तुमची वाट बघायचा. परवा ट्रकनं उडवलं. तुम्हाला कसं सांगावं, तेच कळेना."