गोष्टीआधीचे नारळ

“अहो टिपरेकाका, आता हा तिसरा नारळ कुणाला?” हेमांगीने वैतागून विचारलं.

“अगं, पाहुण्यांना दुखवून चालतं का?” वाचनालयाचे कार्यवाह शाल उलगडत म्हणाले.

मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू करायला तिने समितीच्या किती विनवण्या केल्या होत्या! आज मुलं टिकली नाहीत तर तो बंदच होणार होता. मुलं आली, अगदी हॉल भरून आली. पण दीपप्रज्वलन काय, प्रास्ताविक काय, आणि आता अध्यक्षांचं वाचनसंस्कृतीवर भाषण! पोरं जांभया देत उठायला लागली, तशी हेमांगी सगळ्यांना गुपचूप व्हरांड्यात घेऊन गेली आणि तिने गोष्ट सुरू केली.

आतून अध्यक्ष माईकवर कडाडले, “बघा! हल्लीच्या मुलांना वाचनालयात थांबवतच नाही!”

हेमांगीने गोष्टीतल्या वाघाची डरकाळी थेट खिडकीत जाऊन फोडली.