हॉटेलसारखी सोय

जपानला जायचं, तर तिथल्या जुन्या पद्धतीच्या घरगुती हॉटेलातच राहायचं, आणि तेही खिशाला परवडणाऱ्या, असा सुलोचनाने चंगच बांधला होता. आखातात, अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर लॅपटॉपला चिकटून बसल्यावर शुक्रवारी सकाळी तिला हवं तसं सापडलं.

"अहो, ऐका तर! चपला दाराबाहेर काढायच्या. खोलीत पलंग नाही, खाली गाद्या, सकाळी उठलं की गुंडाळून ठेवायच्या. जेवण मांडी घालून, बुटक्या टेबलावर. अंघोळीची जागा सगळ्यांना मिळून एकच. किती वेगळा अनुभव! यल्ला, चला म्हणा, बुक करते."

तानाजीने नाक मुरडत चहाचा घोट घेतला.

"का हो, नाही आवडलं?"

"सोहारला कंपनीच्या कॅम्पात सहा वर्षं हाच अनुभव घेतला की. एका खोलीत आठ जण. बुटक्या टेबलाऐवजी आम्ही पेपर अंथरायचो, एवढाच काय तो फरक."

सुलोचनाने लॅपटॉप खाडकन मिटला. "आणि तेव्हा मला गावी फोनवर काय सांगायचात? काळजी करू नकोस, हॉटेलसारखी सोय आहे!"

तानाजीने लॅपटॉप पुन्हा उघडून हळूच तिच्यापुढे सरकवला.

"मग खोटं काय सांगितलं? वाच बघू, वर काय लिहिलंय. हॉटेलच ना?"