सातवी फेरी

तिसऱ्या रविवारीही सातव्याच फेरीला तारांना बांधून गोल उडवायच्या छोट्या हौशी विमानाचं इंजिन फुरफुरून बंद पडलं. मधोमध उभा राहून त्या तारा हातात धरून विमानाबरोबर गरगर फिरणारा म्हातारा एवारिस्तो खेकसला, "नेरेओ, इंधनात पाणी घालतोस काय रे गाढवा?" इंधन भरून देणारा हा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त आपली पेटी उचलून रोसारियो शहराच्या मैदानावरून चालता झाला. एवारिस्तोनं कार्ब्युरेटरला इंधन नेणारी नळी काढून तोंडानं फुंकली. हवा अडत अडत गेली. मधली गाळणी उघडली तर आत एवढासा लाल लोकरीचा बोळा! त्यानं बोळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगातल्या स्वेटरकडे, मग सावलीत त्याच लोकरीची टोपी विणणाऱ्या बायकोकडे. "दोरालिसा, तू?" सुया न थांबवता ती म्हणाली, "मागच्या महिन्यात आठव्या फेरीला चक्कर येऊन आडवा झाला होतास. सांगून ऐकतोस कुठं? तू पडण्याआधी विमान पडलेलं बरं."