सीपीयूतला करंट

"आधी पोरीले तिकडं घ्या, भाभी," मोईज म्हणाला. त्यानं पिन बोर्डात घातली आणि टेस्टरचं टोक सीपीयूच्या पत्र्याला टेकवलं. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

पौर्णिमानं चिमीला उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कूलरशेजारच्या दिवाणावर सासूबाईंच्या, मैनाबाईंच्या, मांडीत दिलं. सकाळी फरशी पुसताना सीपीयूला तिचं कोपर लागलं होतं आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या. तेव्हाच तिनं पिन उपटून ठेवली. दीड वर्षाची चिमी दिसेल त्याला हात लावायची. अमरावतीहून नवरा अमोल फोनवर म्हणाला, "एवढं काय भ्यायचं त्यात?" तिनं त्याचं ऐकलं नाही. जठारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मोईजला बोलावलं.

मोईजनं पिन काढली. दिवा विझला. घातली, पेटला.

"यातच हाये. पॉवर सप्लाय गेला." त्यानं झाकण उघडलं. "धूळ पाहा. कापूस भरून ठेवला का यात?"

"म्या म्हनलंच होतं, हा डब्बा घरात नोको," मैनाबाई म्हणाल्या. "पन आमचं कोन आयकते?"

"डब्बा चांगला हाये, काकू. आतलं इंजिन गेलं."

चिमी कूलरच्या थेंबांकडं झेपावत होती. "नोको वं, सर्दी होते," म्हणत मैनाबाईंनी तिला धरून ठेवलं.

नवा सप्लाय बसला. आतला पंखा फिरला, स्क्रीन उजळली. पौर्णिमाला दिवसभरात पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

"सोडा आता तिला, आई. खेळू द्या थोडं पाण्यात. मी चहा ठेवते."

"एक डाव पाहू द्या, भाभी." मोईजनं पुन्हा टेस्टर टेकवला.

लाल.

त्यानं बोर्डावरचं कॉम्प्युटरचं बटन बंद केलं. स्क्रीन गेली. दिवा मात्र तसाच.

"सप्लाय नवा. बटन बंद. म्हंजे हे कॉम्प्युटरचं नाहीच. बोर्डावरच्या साऱ्या पिनांची अर्थिंगची तार एकच, तिच्यातून बाहेरून येऊन राह्यलं." त्यानं खाली पाहिलं. "या बोर्डावर अजून काय हाये?"

उत्तराची वाट न पाहता त्यानं शेजारची, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या वायरची पिन उपटली.

टेस्टर विझला. कूलरचा पंखा मंदावत गेला, आणि त्याच्या ओल्या पत्र्यापासून वीतभरावर आलेला चिमीचा हात, हवा थांबली म्हणून, तिथंच थांबला.