चाचणीचं पान

मेव्हणा चपला काढून आत आला, पण बसला नाही. मिस्त्रीनं खुर्चीवरच्या वायरी उचलून खाली ठेवल्या, तेव्हा नाइलाजानं टेकला.

“किती वेळ लागेल, भावोजी?” म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. आता भावोजी म्हणायची सोय राहिली नव्हती.

“तासभर. फोटो बरेच आहेत.”

सोमवारी घटस्फोटाचे कागद झाले होते. ती परगावच्या शाळेत शिकवायला जाणार होती. भावाला तिनं एवढंच सांगून धाडलं होतं, की त्याला माझ्या कॉम्प्युटरमधले फोटो उतरवून घेऊ दे आणि ते मशीन घेऊन ये. सोबत एक चिटोरा दिला होता. त्यावर मशीनचा पासवर्ड होता, बाकी एक अक्षर नाही. मिस्त्रीनं तो दोन वेळा उलटून पाहिला होता.

सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची. विटेला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. बंद पडलेले कॉम्प्युटर उठवायचे आणि एकमेकांना जोडून द्यायचे, हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खोड एकच. गिऱ्हाईक फार मागे लागलं, की काम अर्धं असतानाच “झालं” म्हणून मोकळा व्हायचा. उरलेलं मग सवडीनं.

त्याच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम एक, तिच्या मशीनची दुसरी. दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही. मध्ये एक सॉफ्टवेअर घालावं लागतं, मग इकडच्या फायली आणि प्रिंटर तिकडे दिसू लागतात. ते त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर चढवायला घेतलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

“तुम्ही ताईला खोटारडी म्हणालात,” मेव्हणा भिंतीकडे बघत म्हणाला. “त्या बाईंच्या समोर.”

“खोटं बोलली म्हणून म्हणालो.”

“ताई खोटं बोलत नाही.”

समुपदेशक बाईंची ती खोली मिस्त्रीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. बाईंनी विचारलं होतं, नेमकं बिनसलं कुठं? राग आला, की बायकोचे शब्द घशातच अडकत, लहानपणापासूनचं होतं ते. तरी कशीबशी म्हणाली, “मी याला ते... तेवीस वेळा लिहिलं. यानं एकदाही उत्तर दिलं नाही.” तो उसळला होता. “साफ खोटं. एक चिठ्ठी मिळाली असेल तर शपथ.” मग बाई नको नको म्हणत असताना तिनं पेन ओढून घेतलं आणि घटस्फोटाच्या अर्जावर सही केली.

ते खोटं त्याला सगळ्यांत जास्त लागलं होतं. कारण एके काळी ती खरंच लिहायची.

तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर होता. भांडण झालं, की ती दोन ओळी छापून प्रिंटरच्या ट्रेमध्ये तशाच सोडून जाई. तो सकाळी चहाबरोबर वाचे, खाली उत्तर खरडे आणि कागद तिच्या उशीखाली सारून कामाला लागे. संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. मग शाळेनं काढून टाकलेलं एक जुनं मशीन तिनं घरी आणलं, आतल्या खोलीत मांडलं आणि चिठ्ठ्या थांबल्या. आधी त्याला वाटलं, बरं झालं, तक्रारी संपल्या. हळूहळू बोलणंही संपलं. जेवायला वाढलं जाई, दिवे मालवले जात. पहिल्यांदा तिनं लिहावं, अशी त्याच्या मनात अढी बसली आणि ती काही सुटली नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती बॅग घेऊन निघाली, तेव्हा दारात थांबली होती. “काही सांगायचंय?” त्यानं विचारलं होतं.

“आता काही राहिलं नाही,” ती म्हणाली होती. ते मात्र न अडखळता.

सॉफ्टवेअर चढलं. त्यानं नाव घातलं, पासवर्ड घातला, वाटून घ्यायचा फोल्डर उघडला. तिच्या मशीनवरून फोटो येऊ लागले. एकात ती मोडकी छत्री डोक्यावर धरून हसत होती. पुढचे फोटो त्यानं उघडलेच नाहीत.

“आले ना सगळे?” मेव्हणा उठला. “मग काढू का वायर?”

“प्रिंटर राहिलाय.”

“ताईला तुमच्या प्रिंटरचं काय करायचंय आता?”

“काही नाही. राहून गेलेलं काम आहे, आज पुरं करतो.”

तिच्या मशीनवर प्रिंटरचं नाव होतंच. मशीन आलं त्याच दिवशी त्यानं ते घालून ठेवलं होतं. आपल्या बाजूचं रविवारी करू, असं मनाशीच म्हणाला होता. तसे कितीतरी रविवार गेले. आता दोन मिनिटांचं काम उरलं होतं, आणि ते दोन मिनिटांतच झालं.

सवयीनं त्यानं तिच्या मशीनवरून चाचणीचं पान सोडलं. पान निघालं नाही. पडद्यावर लिहून आलं, की याच्या आधी तेवीस पानं रांगेत आहेत.

मिस्त्री ते वाचत असतानाच प्रिंटर घरघरला. पहिलं पान बाहेर आलं, त्यावर दुसरं, तिसरं. मेव्हण्यानं खालचं ओढून काढलं, वाचलं आणि त्याच्यापुढे धरलं. वर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. खाली दोन ओळी.

“तू ‘झालं’ म्हणालास, म्हणून आतल्या खोलीतून ही पहिली चिठ्ठी पाठवते आहे. मिळाली की नेहमीसारखं उशीखाली उत्तर ठेव, मी वाट बघते.”