नाव न सांगणारा वाचक

सगळ्यांचे हात वर गेले, तेव्हा एकट्या सगुणाकाकींचा हात पदरातच राहिला.

"काकी, तुमचा?" किशोरीने विचारलं.

"माझा न्हाय."

मुरुडच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत 'मुरुडकर कट्टा'ची बैठक भरली होती. कट्टा म्हणजे गावची वेबसाइट. वाशीला नोकरी लागल्यावर गावच्याच कमलेशने ती काढली आणि रोजचं बघणं किशोरीकडे सोपवलं. किशोरी शाळेत शिकवायची, संध्याकाळी कट्टा सांभाळायची. कुणाची होडी विकायची आहे, एसटीची वेळ बदलली, कतारला असलेल्या मुलाला इकडे मुलगी झाली, सगळं तिथे लिहिलं जायचं. लिहायला नोंदणी लागे. वाचायला काहीच लागत नसे. कुणीही, कुठूनही यावं आणि वाचून जावं.

तेच आता बंद करायचं होतं. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या माहीनच्या बहिणीच्या निकाहाचे फोटो कट्ट्यावरून उचलून कुणीतरी भलत्याच जागी टाकले होते.

"आपण आपल्या माणसांशी बोलतोय असं समजून बोलतो," माहीन शांतपणे म्हणाली होती, "आणि खिडकीतून कोण बघतंय ते आपल्याला ठाऊकच नसतं. ज्याला वाचायचंय त्याने नाव-नंबर द्यावा. एवढंच."

यावर कुणाला काही बोलायचं नव्हतं. म्हणून तर हात वर गेले होते.

"का नको, काकी?" माहीनने आता विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुझं बरोबर हाय. पण एखाद्याला नाव सांगता येत नसतं," सगुणाकाकी म्हणाल्या आणि उठल्या. "जाते. सुपारीच्या वाडीत पाणी सोडायचंय."

नाव सांगता येत नाही असा कोण? किशोरीच्या डोक्यात घरी पोचेपर्यंत तेच घोळत राहिलं. सगुणाकाकी कधी कशाला विरोध करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा स्वप्निल गेला त्याला वर्ष होत आलं होतं. पर्यटकांच्या होडीवर कामाला होता. रेवदंड्याहून मोटरसायकलने परतताना एका गाडीने त्याला उडवलं आणि ती थांबलीच नाही. गाडीचं पासिंग पुण्याचं होतं, एवढं रस्त्याकडेच्या नारळवाल्याने पाहिलं. अलिबागच्या इस्पितळात स्वप्निलने प्राण सोडला. गाडी सापडली नाही.

त्यानंतर काकी कट्ट्यावर लिहायला लागल्या. आधी लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, मग तीही थांबली. काकींचं लिहिणंही जरा वेगळंच. आठवणी म्हणाव्यात, तर त्यात रडणं नव्हतं.

'स्वप्निलला पद्मदुर्गाच्या मागे जाणारा सूर्य आवडायचा. ओहोटीला ओल्या वाळूत आभाळ दिसतं, ते बघत बसायचा. वाळत घातलेल्या बोंबलांतून ऊन आरपार येतं, ते सकाळीच बघावं म्हणायचा.'

सगळं असंच.

किशोरीने कॉम्प्युटर लावला. कट्ट्यावर कोण येऊन गेलं ते तिला दिसायचं. नोंदणी नसलेल्याच्या पुढे नुसतं 'पाहुणा' असायचं. काकींच्या लिखाणावरचे पाहुणे तिने आज पहिल्यांदाच नीट चाळले आणि ती सावरून बसली.

पाहुणा एकच होता. एकच मोबाईल, पुण्याच्या बाजूचा. होडी, एसटी, निकाह, कशाकडेही तो वळला नव्हता. फक्त काकींनी लिहिलेलं उघडायचा, तेही पुन्हा पुन्हा. स्वप्निल गेल्यावर काही आठवड्यांनी तो पहिल्यांदा आला होता. तेव्हापासून त्याने काहीच चुकवलं नव्हतं.

तिने कमलेशला फोन लावून या पाहुण्याचं सांगितलं.

"याचा नंबर काढता येईल?"

"असा नाही येणार. पण वाचायला नोंदणी लावली की नाव-नंबर देईल, नाहीतर यायचा बंद होईल. तुला वाटतंय तेच मलाही वाटतंय. मन खातंय त्याला. पण काकींना विचारल्याशिवाय काही करू नकोस."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर किशोरी वाडीत गेली. काकी खाली पडलेल्या सुपाऱ्या गोळा करत होत्या.

"काकी, तुमचं लिहिलेलं बाहेरचं कुणीतरी वाचतं. तुम्हाला माहीत आहे?"

काकी एकदम ताठ उभ्या राहिल्या. "वाचतो? खरंच वाचतो?"

"सगळं. पुन्हा पुन्हा."

काकी सुपाऱ्यांच्या ढिगाशेजारी खाली बसल्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं. ते किशोरीला अजिबात कळेना.

"मी आपली लिवत होते," काकी म्हणाल्या. "पोचतंय का न्हाय, मला कोण सांगणार?"

"म्हणजे त्याच्यासाठीच लिहिता?"

"व्हय."

किशोरी त्यांच्याजवळ टेकली. "काकी, तो पुण्याकडचा आहे. गाडीपण तिकडचीच होती. नोंदणी लावली तर कदाचित सापडेल तो."

काकींना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी मान हलवली. "न्हाय गं. त्या गाडीवाल्याला मी कशाला लिवू?"

"मग कोण आहे हा? ओळखता तुम्ही?"

"नाव न्हाय ठाऊक, गाव न्हाय ठाऊक. ते सांगायचं नसतं. इस्पितळातल्या बाईंच्या हातात मी कट्ट्याचा पत्ता तेवढा दिलेला. पोचवीन असं त्या म्हणाल्या न्हाईत, न्हाय असंही म्हणाल्या न्हाईत."

"कुणाला पोचवायचा?"

काकींनी ओंजळीतल्या सुपाऱ्या ढिगावर सोडल्या.

"नाव नका विचारू त्याला. तसाच वाचू दे. माझ्या स्वप्निलच्या डोळ्यांनी वाचतो तो."