परमिटचं सिमेंट

शेवटचं घमेलं घरापुढच्या ओट्यावर रिकामं झालं, तेव्हा विमलाबाई दारात उभी होती. हात कोपरापर्यंत शेणामातीने भरलेले. गवंड्याने थापी फिरवली आणि तिच्या नवऱ्याने, किसनरावांनी, खिळा घेऊन ओल्या सिमेंटवर मोठ्या ऐटीत आपलं नाव कोरलं. खाली साल घातलं, १९७९.

"अन् सैपाकघराले?" तिने विचारलं.

"आता कायचं सैपाकघर?" किसनराव नाव निरखत म्हणाले. "लक्ष्मणरावनं घरावर स्लॅब टाकला. आपल्या दारात साधा ओटा नव्हता. लोकं काय म्हनतीन?"

लोकं! विमलाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. मागच्या श्रावणात स्वयंपाकघराच्या मातीतून विंचू निघाला आणि तिच्या सहा वर्षांच्या नलूला चावला. बैलगाडीत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेलं म्हणून पोर वाचली. तेव्हापासून नलू जेवायला खाली बसत नाही. लाकडी पेटीवर चढते, पाय पोटाशी घेते आणि तशीच खाते. त्या दिवसांत सिमेंट परमिटवर मिळायचं. किसनरावांनी तहसिलीत जाऊन हीच हकिगत सांगितली, डोळ्यांत पाणी आणून सांगितली, आणि परमिट मिळवलं. पोरीचं दुखणं पुढे करून सिमेंट आणलं आणि ओतलं कुठे, तर गावातल्या रिकामटेकड्यांच्या बुडाखाली!

सासूकडूनही आशा नव्हती. आनंदाबाईंचा जन्म त्याच जमिनीवर पोतेरं फिरवण्यात गेला होता. "आमी नाई का सारवलं जनमभर?" एवढंच त्या म्हणायच्या. त्यांच्या चुलीचा दंडक मात्र भारी कडक. तिथे परक्याची सावली पडायची नाही. आणि जोडे घालून साक्षात देव आला असता, तरी आनंदाबाईंनी त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं.

नव्या सिमेंटला पाणी मारायचं कामही विमलाबाईच्याच माथी आलं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून पाण्याने भरलेला पितळी गुंड आणायचा आणि ओट्यावर ओतायचा. मग आत येऊन पुन्हा शेणाचं पोतेरं. ज्या ओट्याला ती पाणी पाजत होती, त्यावर तिने बसायचं नव्हतं. ती पुरुषांची बैठक. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो हाच.

ओटा वाळला. सोसायटीचे अध्यक्ष अण्णाजी चार माणसं घेऊन बसायला येणार असं ठरलं. किसनराव त्यांना आणायला एसटीवर निघाले.

"भजे गरम पाह्यजे," जाताना बजावून गेले. "अन् तू बाहेर येजो नोको. आतूनच देजो."

बेसन कालवायला विमलाबाईने परात ओढली. परातीखाली विंचू होता. काळा, नांगी वर केलेला. पेटीवरून नलू किंचाळली. विमलाबाईने चिमट्याने विंचू ठेचला. तो मेला तरी तिचा हात थांबेना. जमिनीत खळगा पडेपर्यंत ती ठेचत राहिली. मग उठली, कोपऱ्यातली लोखंडी सब्बल घेतली आणि चुलीच्या बुडाशी घातली.

"काय करून राह्यली वं तू?" तूर निवडत बसलेल्या आनंदाबाई ओरडल्या.

विमलाबाईने सब्बल रेटून चूल बुडापासून सुटी केली. वर्षानुवर्षं भाजून टणक झालेली ती चूल तिने अख्खीच्या अख्खी उचलली.

पाहुणे वळणावर दिसले, तेव्हा विमलाबाई ओट्यावर बसून भाकर थापत होती. चूल बरोबर किसनरावांच्या नावावर मांडली होती. खालचं साल तेवढं उघडं राहिलं होतं. भोवतीचं सिमेंट तिने शेणाने सारवलं होतं, चुलीला हळदकुंकू वाहिलं होतं. नलू भिंतीला टेकून, पाय लांब पसरून भाकर खात होती. शेजारच्या बाया कुंपणाशी गोळा झाल्या होत्या.

किसनराव तरातरा ओट्यावर चढले. "डोकं फिरलं का तुह्यं? पाव्हने आले! उचल हे, आत ने!"

विमलाबाईने तव्यावरची भाकर उलटली. आवाज चढवायची तिला गरजच वाटली नाही.

"सिमिट सैपाकघरासाठी आनलं होतं तुमी. ते आत नाई आलं, म्हनून मीच सैपाकघर बाहेर आनलं."

अण्णाजी पायरीवर एक पाय ठेवून तसेच थांबले. कुंपणापलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. किसनरावांनी घाम पुसत दाराकडे पाहिलं. आनंदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"माय, तूच सांग आता हिले!"

आनंदाबाईंनी उंबरा ओलांडला. पुरुषांच्या बैठकीत त्या जन्मात कधी बसल्या नव्हत्या. पाट टाकून त्या नातीशेजारी बसल्या, नलूच्या पसरलेल्या पायांवरून हात फिरवला आणि मग लेकाच्या पायांकडे पाहिलं.

"किसना, जोडे काढ. चूल हाये इथं."